न मेलेल्या यीस्टचा विखार
बुरशी आणि माणूस : लेखांक ७

पुनावळ्यात नवी सोसायटी उभी राहिली की खाली दुकानांची रांग येते आणि त्या रांगेत एक तरी मेडिकल असतंच. संध्याकाळी हिंजवडी आणि चाकणहून सुटलेली माणसं घरी परतताना तिथे थांबतात. जांघेत खाज, तोंडात पांढरा थर, बाईमाणसाला अंगावरून जाणं. यातलं काहीच मोठ्याने सांगायचं नसतं. "खाजेचं काहीतरी द्या," एवढंच सांगितलं जातं. मग हातात पडतं ते बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरकस स्टेरॉइड एकत्र केलेलं मलम, नाहीतर फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी. दोन दिवसांत बरं वाटतं, औषध बंद होतं. महिन्याने पुन्हा तेच दुकान.

गेल्या आठवड्यात आपण कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टची ओळख करून घेतली. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती निमूटपणे राहते. आजचा प्रश्न असा : औषध पोचलं, पण मारण्याइतकं पोचलं नाही, तर उरलेल्या यीस्टचं काय होतं? ती नुसती जगते, की तिचा विखारही बदलतो?

विखार डोळ्यांनी पाहता येतो. लॅबमधली एक जुनी आणि सोपी चाचणी आहे. यीस्टच्या वसाहतीचा किंचितसा अंश माणसाच्या रक्तद्रवात कालवायचा, ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा, मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आत टाकताना सगळ्या पेशी अंडाकृती होत्या. आता त्यांतल्या अनेकींना सरळ, बारीक, एकसारख्या जाडीची नळी फुटलेली दिसते. नळी जिथून निघते तिथे ती जराही आवळलेली नसते, आणि तंत्रज्ञ त्यावरूनच अल्बिकन्स ओळखतो. हीच नळी लांबत जाऊन तंतू होते आणि तंतू आपल्या त्वचेच्या पेशींमध्ये घुसतात.

तंतूंबरोबर बाकीची हत्यारंही येतात. पेशींच्या आवरणाला भोकं पाडणारं कॅन्डिडालायसिन हे विष हे तंतूच सोडतात. ते २०१६ मध्ये उजेडात आलं आणि ते अवघ्या ३१ अमिनो आम्लांचं आहे. याशिवाय प्रथिनं पचवणारी विकरं आहेत, पृष्ठभागाला चिकटून राहण्याची चिवट क्षमता आहे, आणि आपल्या संरक्षक पेशींना ओळख लागू न देण्याची कला आहे. या सगळ्याची बेरीज म्हणजे विखार.

आता औषधाकडे येऊ. फ्लुकोनॅझोल ज्या गटातलं आहे तो अ‍ॅझोल गट यीस्टच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. कॅन्डिडाची वाढ त्यामुळे थांबते, पण पेशी सहसा लगेच मरत नाहीत. शिवाय या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. म्हणजे गोळी नीट घेतली तरी शेवटी काही दिवस असे येतातच, की औषध शरीरात आहे पण अपुरं आहे. अर्धवट सोडलेल्या औषधात, कवळीखालच्या चिकट थरात, कॅथेटरवर जमलेल्या यीस्टच्या साक्यात हे अपुरेपण आणखी लांबतं. माझ्या मते या आजाराची खरी लढाई याच पट्ट्यात होते, आणि आपण तिच्याकडे फार कमी लक्ष देतो.

सुरुवातीची बातमी चांगली होती. १९८०च्या सुमारास बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की केटोकोनॅझोलची अगदी थोडी मात्राही यीस्टला तंतू होऊ देत नाही. अंडाकृती राहिलेल्या पेशी पांढऱ्या पेशींच्या तावडीत सहज सापडतात. म्हणजे कमी मात्रेने यीस्ट मरत नाही, पण निःशस्त्र होते. इतकं सरळ असतं तर हा लेखांक इथेच संपला असता.

२००० साली अमेरिकेत एकाच एड्स रुग्णाच्या तोंडातून वेगवेगळ्या वेळी घेतलेले कॅन्डिडाचे नमुने तपासले गेले. काही नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देण्याच्या काळातले, काही ती देईनाशी झाल्यानंतरचे. अपुऱ्या फ्लुकोनॅझोलमध्ये वाढवल्यावर दाद न देणाऱ्या नमुन्यांनी प्रथिनं पचवणारं विकर कमी नव्हे, उलट जास्त बाहेर टाकलं. २००५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी यीस्ट आधी अपुऱ्या फ्लुकोनॅझोलमध्ये वाढवली आणि मग उंदरांच्या शरीरात सोडली. साध्या यीस्टपेक्षा या यीस्टने उंदीर लवकर मेले.

कारण मोठं विलक्षण आहे. एर्गोस्टेरॉल बनवण्याची वाट पुढे अडवली, की अलीकडच्या टप्प्यावर कच्चा माल तुंबतो आणि त्यातून फार्नेसॉल नावाचा रेणू जास्त बनून बाहेर पडू लागतो. गर्दी किती आहे हे यीस्ट एकमेकींना याच रेणूने कळवतात. काचेच्या बशीत फार्नेसॉल तंतू थांबवतो, म्हणून तो आपल्या बाजूचा वाटतो. उंदराच्या शरीरात मात्र तो यीस्टच्या पथ्यावर पडला. एका संशोधनगटाच्या या निष्कर्षावरून माणसाबद्दल थेट विधान करता येणार नाही. पण बशीतला निकाल आणि शरीरातला निकाल उलटे असू शकतात, हे त्याने कायमचं शिकवलं.

दुसऱ्या एका औषधाने याच्या नेमकं उलट घडतं. कॅस्पोफंजिन यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकन तयार होऊ देत नाही. हे ग्लुकन दिसलं की आपल्या संरक्षक पेशी खवळतात, म्हणून यीस्ट त्यावर मॅननचा थर चढवून ठेवते, जसा विटांवर गिलावा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हीलर आणि फिंक यांनी दाखवलं, की कॅस्पोफंजिनची अगदी थोडी मात्राही हा गिलावा ढासळवते, आतलं ग्लुकन उघडं पडतं आणि शरीराचा प्रतिसाद जोरात येतो. यीस्ट जिवंत आहे, पण लपून राहण्याची सोय गेली.

तिसरं घराणं पॉलिएनचं आणि त्याचा आपल्या पिंपरीशी जवळचा संबंध आहे. पुनावळ्याहून पिंपरीत गेलं की जुन्या हमरस्त्यालगत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लागते. इथली जुनी माणसं तिला नुसतं 'एच. ए.' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी पेनिसिलिनसाठी उभी राहिली. पण डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मातीतल्या जिवाणूंचा शोध चालवला होता आणि १९६१ च्या सुमारास त्यांनी हॅमायसिन जगापुढे मांडलं. ते बनवणाऱ्या जिवाणूला त्यांनी स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना हे नाव दिलं. तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या कॅन्डिडावर हॅमायसिन वापरलं गेलं, शरीरात खोल पसरलेल्या बुरशीवर अमेरिकेतही त्याच्या चाचण्या झाल्या. याच कारखान्यातून पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन आलं. ज्या गावाला आज लोक मोटारींमुळे ओळखतात, त्या गावाच्या मातीने बुरशीविरुद्ध जगाला औषध दिलं, हे इथल्या शाळांमध्ये मुलांना आवर्जून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हॅमायसिन रेणूच्या ठेवणीने अ‍ॅम्फोटेरिसिन-बी चं भावंड आहे; दोन्ही हेप्टाएन, म्हणजे सात दुहेरी बंधांची साखळी असलेली. ही औषधं एर्गोस्टेरॉल बनणं थांबवत नाहीत, तयार एर्गोस्टेरॉलवरच घाला घालतात. इतक्या वर्षांच्या वापरानंतरही अ‍ॅम्फोटेरिसिनला दाद न देणारी अल्बिकन्स रुग्णांत क्वचितच का सापडते, हा प्रश्न सूझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने घेतला आणि २०१३ मध्ये उत्तर दिलं. त्यांनी असे वाण अभ्यासले. त्यांना औषध बाधत नव्हतं. पण त्या बदल्यात त्यांची पार दैना झाली होती. ताप सोसवत नव्हता, पांढऱ्या पेशींचा मारा झेपत नव्हता, तंतू धड होत नव्हते, आणि उंदरांना ते आजारी पाडू शकत नव्हते. औषध चुकवण्याची किंमत त्यांनी विखार गमावून मोजली. हॅमायसिनवर असाच प्रयोग व्हावा असं मला फार वाटतं, कारण तो आपल्या घरचा रेणू आहे.

पण प्रत्येक यीस्ट अशी किंमत मोजत नाही. कॅन्डिडा ग्लॅब्राटा माणसाच्या शरीरात तंतू करत नाही, तरी मधुमेही आणि वयस्कर रुग्णांत त्रास देते. तिच्या पीडीआर-१ या जनुकात विशिष्ट बदल झाले की पेशीतले पंप जोराने चालतात आणि अ‍ॅझोल आत आलं तसं बाहेर फेकलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की हेच बदल झालेली ग्लॅब्राटा उंदरांत जास्त घातक ठरते. इथे औषधाला न जुमानणं आणि विखार हे हातात हात घालून आले. अ‍ॅझोलच्या माऱ्यात अशीच यीस्ट निवडून मागे राहते, आणि मेडिकलमधून पुन्हा पुन्हा घेतलेल्या गोळीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती यामुळे. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या योनीमार्गाच्या संसर्गाला डॉक्टरही एकच गोळी देतात आणि ती पुरते. वारंवार होणारा संसर्ग, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर मात्र हिशोब वेगळा असतो. तिथे स्राव तपासून नेमकी कुठली यीस्ट आहे हे आधी कळायला हवं.

तपासणीतही एक गोष्ट निसटते. यीस्ट पसरलेल्या बशीत मधोमध फ्लुकोनॅझोलची कागदी चकती ठेवतात आणि एका दिवसाने तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ मोजतात. वर्तुळ मोठं आलं की रिपोर्टवर 'संवेदनशील' लिहिलं जातं. तीच बशी आणखी एक दिवस ठेवली, तर काही वाणांत त्या मोकळ्या वर्तुळात विरळ, धुरकट वाढ दिसू लागते. औषधातच सावकाश वाढणाऱ्या या पेशी आहेत. २०१८ मध्ये ज्युडिथ बर्मन यांच्या गटाने दाखवलं, की रक्तातला संसर्ग हटता हटत नाही अशा रुग्णांच्या वाणांत हा धुरकटपणा जास्त असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नसतो. नळी किती पेशींना फुटली, विकर किती सुटलं, याचा तर नाहीच.

म्हणूनच काही संशोधक मारण्याऐवजी थेट विखारावर नेम धरत आहेत. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात डॉ. मोहन करुप्पयिल आणि डॉ. गजानन झोरे यांनी सुगंधी वनस्पतींतले रेणू कॅन्डिडावर वर्षानुवर्षं तपासले : कोणते तिची वाढ रोखतात, कोणते तिला नळी फुटू देत नाहीत, कोणते तिचा चिकट थर जमू देत नाहीत. बशीत यश येतं. पुढची अडचण फार्नेसॉलने आधीच दाखवली आहे : तंतू थांबवणारा रेणू शरीरात कसा वागेल हे प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर पाहावंच लागतं, आणि त्याला पैसा, रुग्णालयं आणि बरीच वर्षं लागतात.

(पुढच्या आठवड्यात : तंतू न करताही रुग्णालयांची झोप उडवणारी कॅन्डिडा ऑरिस.)