मुंबईत वस्ती बदलली की ताट बदलते

वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावाहून मुंबईस आलेला पाहुणा बहुधा झुणका-भाकर शोधतो, नाहीतर वडापाववर दिवस काढतो. वडापाव दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास जन्मला. परंतु मुंबईच्या खाण्याची ती केवळ तोंडओळख होय.

बाहेरून आलेल्यांनी घडविलेल्या या शहरात वस्ती बदलली की ताट बदलते. माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबे स्थिरावली, त्यांच्यामागोमाग उडुपी उपाहारगृहे आली. रामा नायक यांच्या १९४२ मधील उपाहारगृहात केळीच्या पानावर जेवता येते. शाकाहारी पाहुण्याने तेथे निर्धास्त जावे. मोहम्मद अली मार्गावरील मालपुवा आणि फिरनीसाठी रमजानमधील रात्र गाठावी. दुपारी तेथे जाण्यात अर्थ नाही.

घाई करायला हवी ती इराणी हॉटेलांसाठी. एकेकाळी नाक्यानाक्यावर दिसणारी ही हॉटेले आता मोजकीच उरली आहेत. जागांचे भाव गगनाला भिडले आणि पुढील पिढ्या अन्य व्यवसायांकडे वळल्या. धोबी तलाव येथील ‘कयानी’ १९०४ चे, तर बेरी पुलावासाठी ख्यातनाम असलेले बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ चे. तेथे दुपारच्या जेवणालाच जावे. ‘कयानी’त मात्र ब्रून मस्का मागवावा. पाव कडक लागला तर खुशाल चहात बुडवावा. तेथे तो तसाच खातात.