बाळंतपणानंतरची तांबी : हे माहीत हवं

कधी बसवतात? वार पडल्यावर १० मिनिटांच्या आत, सिझेरियनमध्ये टाके घालण्यापूर्वी किंवा बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत. ही वेळ टळली, तर ६ आठवड्यांनी.

कोण बसवतं? प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर, तसंच सरकारी दवाखान्यातल्या प्रशिक्षित सिस्टरही. लांब, वाकड्या चिमट्यात धरून तांबी गर्भपिशवीच्या थेट वरच्या टोकाला ठेवतात; खाली राहिली तर निसटण्याची शक्यता वाढते.

किती काळ चालते? कॉपर-टी ३८० ए १० वर्षं, ३७५ जातीची ५ वर्षं. मूल हवं असेल तेव्हा काढता येते. अंगावरच्या दुधावर परिणाम होत नाही.

कोणाला लगेच नको? गर्भपिशवीत जंतुसंसर्ग असेल, पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त झाले असतील किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर.

नंतर काय? ६ आठवड्यांनी तपासणी. ताप, घाण वासाचा स्राव, पोटात जोरात दुखणं किंवा तांबी पडल्याची शंका आल्यास लगेच दवाखाना गाठा.

सर्वांत महत्त्वाचं : निर्णय बाईचाच. गरोदरपणाच्या तपासण्यांमध्येच तिला सगळं समजावून सांगा. कळा सोसणाऱ्या बाईकडून घाईत घेतलेला होकार ही संमती नव्हे.