सारसाचे नृत्य आणि उंचीचा रकाना

आमगावकडील एका वाचकाने पृच्छा केली आहे की, डेटिंग ॲपवर लोक स्वतःविषयी जो तपशील नोंदवितात त्यातला कितपत खरा मानावा, आणि त्याची खातरजमा करण्याचे काही शास्त्रीय साधन आहे काय. साधन आहे, आणि ते शिंप्याच्या दुकानात मिळते. कॅटालिना टोमा, जेफ्री हॅनकॉक व निकोल एलिसन या संशोधक त्रयीने न्यूयॉर्कमधील, अशा संकेतस्थळांवर नाव नोंदविलेल्या ८० स्त्रीपुरुषांना पाचारण करून त्यांची उंची टेपने व वजन काट्यावर मोजले, वयासाठी वाहनचालक परवाना तपासला, आणि हे सारे त्यांच्याच नोंदीशी ताडून पाहिले, तेव्हा शंभरी ८१ जणांनी निदान एका बाबतीत असत्य लिहिल्याचे निष्पन्न झाले.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधातील ८१ या आकड्याचा डांगोरा पिटणे सोपे आहे. परंतु त्याचे मर्म असत्याच्या आकारात आहे. पुरुषांनी उंची किंचित वाढविली होती, स्त्रियांनी वजन किंचित उतरविले होते, आणि बहुतेक तफावत समोर बसलेल्याच्या ध्यानातही येऊ नये इतकी अल्प होती. कारण ज्याला एके दिवशी प्रत्यक्ष भेटायचे आहे त्याच्या थापेला त्या भेटीचा आपोआप लगाम बसतो. परदेशस्थ डॉक्टर म्हणून महिनोन्महिने गोड बोलून अखेर ‘कस्टममध्ये अडकलेल्या भेटवस्तू’साठी पैसे मागणाऱ्या भामट्याला कधी भेटायचेच नसते, म्हणून त्याला लगामही नसतो.

या भेदाची उकल करणारा, पण या संदर्भात क्वचितच आठवला जाणारा माणूस म्हणजे अमोत्झ झहावी. आपल्या सातभाईंच्या कुळातील वाळवंटी पक्ष्यांमागे आयुष्य वेचणाऱ्या या इस्रायली प्राणिशास्त्रज्ञाने १९७५ साली असे प्रतिपादन केले की, जोडीदारापुढे केलेले प्रदर्शन विश्वासार्ह ठरते ते महाग असल्यामुळेच, कारण दुर्बलाला तो खर्च पेलत नाही. जॉन मेनार्ड स्मिथसारख्या उत्क्रांतिशास्त्रातील दिग्गजाला हे पटले नाही. १९९० साली जीवशास्त्रज्ञ ॲलन ग्राफेनने या कल्पनेचे गणित मांडले तेव्हा कोठे झहावीला प्रतिष्ठा लाभली, आणि वाद अद्यापही मिटलेला नाही.

गोंदियाकरांच्या तर असे प्रदर्शन अंगणातच चालते. महाराष्ट्रात इतरत्र जवळजवळ नामशेष झालेला सारस वैनगंगा-वाघ नद्यांच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांत पंख पसरून उड्या घेतो, जोडीने माना उंचावून तारस्वरात साद घालतो. आणि उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेल्या या सुमारे सहा फुटी प्राण्याला स्वतःची उंची लिहून कळविण्याची सोय नाही. (त्याच्या एकनिष्ठेची जाहिरात मात्र आपणच जरा वाढवून केली आहे: पक्षिशास्त्रज्ञ गोपी सुंदर व सहकाऱ्यांनी सारसांत तिघांचे संसारही नोंदविले आहेत.)

आपल्याकडेही तिरोड्याची सोयरीक गोरेगावात जुळविताना मध्यस्थ सातबाऱ्यापासून व्यसनापर्यंत चौकशी करी, आणि खोटे उघडकीस आल्यास पुढल्या पिढीच्या सोयरिकीही अडत, म्हणजे खोट्याला किंमत होती. ॲपवर रकाना भरायला छदामही लागत नाही. अलीकडे काही ॲप नावापुढे निळी खूण देतात, तिचा बोलबालाही बराच आहे. परंतु ती खूण छायाचित्रातला चेहरा आणि सेल्फीतला चेहरा एकच असल्याची रुजुवात करते, तो चेहरा विवाहित आहे की अविवाहित, हे त्या यंत्राला कोणी विचारलेलेच नसते.