कडीपाट कापायचाय, पण करवत कोणती?

करवत म्हटलं की आपल्याला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला तो टी-लॅप जॉईंट आठवतो. जॉब सबमिट केला, सही मिळाली, विषय संपला. पण आमच्या चौसाळ्यासारख्या गावात हा विषय अजून चालू आहे, कारण जुनी माळवदं उतरवून त्या जागी स्लॅब टाकले जातायत.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'बीम' आधी माहीत होता, 'तुळई' नंतर आजीकडून कळली.) घर उन्हाळ्यात गार राहतं, पण डोक्यावर वजन फार. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशी जड घरं कोसळूनच खूप माणसं गेली. शिवाय गळती थांबवायला वर पुन्हा पुन्हा माती टाकावी लागते ती वेगळीच. म्हणून माळवद उतरतं आणि दारात लाकडांचा ढीग पडतो.

त्या ढिगाला लगेच मशीन लावू नका. आधी प्रत्येक लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत शिरला तर वाळवीने खाल्लंय, नाही शिरला तर विचार करा. सागाची सरळ, शाबूत तुळई कापायचीच नाही. जुन्या सागाला वखारीत गिऱ्हाईक असतं, दोन-दोन फुटांचे तुकडे केले की त्याचं सरपण होतं. बाकी उरतं ते किडक्या कड्या, लिंब-बाभळीची वाकडी लाकडं, फुटक्या फळ्या. हे ट्रॉलीत बसेल असं कापायचं आहे, आणि त्यात जागोजागी खिळे आहेत. सगळा प्रश्न या खिळ्यांचाच आहे. आरा मशीनवालासुद्धा खिळ्याचं लाकूड घ्यायला तयार होत नाही, ते याचमुळे.

गावात सगळ्यात सहज मिळतो तो फरशीवाल्याचा मार्बल कटर. त्याला लाकडाचं ब्लेड लावलं की झालं, असं लोक म्हणतात. गणित करून बघू. ब्लेड ११० मिमी, स्पीड १२,००० आरपीएम. पाय-डी-एन केलं की ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला ६९ मीटर येतो, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर! या ब्लेडच्या दातांना टंगस्टन कार्बाईडची टोकं असतात. कार्बाईड कडक, पण ठिसूळ. हार्डनेस आणि टफनेसमधला फरक आपण परीक्षेसाठी पाठ करतो, इथे तो खिळ्याला लागून डोळ्यात उडतो. एवढं करून कापाची खोली साधारण ३२-३४ मिमी. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावणं तर त्याहून वाईट. ते कधीच करू नका, कोणी कितीही सफाईने करून दाखवलं तरी.

सात इंची सर्क्युलर सॉ फळ्यांसाठी उत्तम. साधारण ६५ मिमी खोल जातो, गार्ड चांगला असतो. पण फळीत खिळा नाही याची खात्री हवी. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट दोरीला बांधून फळीवरून फिरवा, पटकन कळतं.

चेन सॉ जाड लाकूड झटक्यात कापतो, पण माळवदाच्या लाकडात भेगाभेगांतून माती भरलेली असते. मातीतल्या बारीक वाळूने चेनची धार लवकर जाते. खिळा लागला तर मग बोलायलाच नको. शिवाय बारचं टोक कशाला अडलं की मशीन उसळून अंगावर येतं. नवख्याने यात पडू नये.

माझं मत रेसिप्रोकेटिंग सॉला, ज्याला काही दुकानदार सेबर सॉ म्हणतात. ब्लेड सरळ, मागे-पुढे चालतं. स्ट्रोक २८ मिमी आणि मिनिटाला २,८०० स्ट्रोक धरले तर सरासरी वेग सेकंदाला जेमतेम २.६ मीटर. कटरच्या तुलनेत अगदी बैलगाडी! पण म्हणूनच तो खिळ्यासकट कापतो. ब्लेड बायमेटल घ्या: दात हाय स्पीड स्टीलचे, पाठ लवचिक स्टीलची. इंचाला ६ ते १० दात असलेलं चालेल. सहा इंची कडीला नऊ इंची ब्लेड, त्याहून जाड असेल तर बारा इंची. पुढचा बूट लाकडाला घट्ट दाबून धरायचा, नाहीतर लाकूड कापायचं सोडून मशीन तुम्हालाच हलवतं. काप ओबडधोबड येतो. येऊ दे, आपल्याला फर्निचर कुठे करायचंय?

आता एसओएममधला बेंडिंग मोमेंट कामाला आणा. कडीची दोन टोकं दगडांवर ठेवून मधे कापलं तर वरचा भाग कॉम्प्रेशनमध्ये असतो. काप मिटतो, ब्लेड अडकतं, सर्क्युलर सॉ असेल तर उलटा फेकला जातो. म्हणून टेकूच्या बाहेर लोंबणारं टोक कापायचं. तिथे वरची बाजू टेन्शनमध्ये, काप आपोआप उघडत जातो.

वायरचंही बघा. ५० मीटरची १ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर आणि १,२०० वॉटचं मशीन म्हणजे वायरीतच ९ व्होल्ट जातात. मुळात व्होल्टेज कमी असेल तर मोटर दम टाकते आणि आपण जोर लावून तिला जाळतो. वायरची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली तापते. गॉगल आणि मास्क हवाच. उपरणं, ओढणी, सैल बाह्या नकोत.

कापलेलं लाकूड शेवटी चुलीत जातं, तिथे एक अडचण आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये ते बरंच जास्त असू शकतं. वाळवीसाठी बीएचसी पावडर मारायचीही पद्धत होती, त्यावर १९९७ पासून बंदी आहे. म्हणून रंगवलेलं आणि औषध मारलेलं लाकूड ढिगातून वेगळं काढा. त्यावर भाकरी भाजू नका, पाणी तापवू नका, आणि चुकून जळलंच तर त्याची राख भांडी घासायला किंवा परसातल्या मेथीवर जाणार नाही हे घरात आधीच सांगून ठेवा.