काँक्रीट ओतण्यापूर्वीची सही

अहवाल वर्षात आपल्या रुग्णालयाच्या विस्तारित इमारतीचे काम दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आले. इमारत निधीच्या खर्चात ‘स्वतंत्र संरचना तपासणी’ असे एक नवे शीर्षक आपणांस आढळेल. वास्तुविशारद आहेत, आरसीसी सल्लागार आहेत, ठेकेदाराचा अभियंता रोज कामावर हजर असतो. मग हा चौथा माणूस कशासाठी, अशी विचारणा काही देणगीदारांनी केली. विचारणा रास्त असल्याने तिचा खुलासा येथे करीत आहोत.

विश्वस्त संस्थेचे हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच असू नये, ही गोष्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे आपल्या अंगवळणी पडली आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे; काँक्रीटविषयी आम्हांस जे कळते ते पाहून आणि विचारून. परंतु एक फरक आमच्याही ध्यानात आला. हिशेबाची वही पुढील वर्षी पुन्हा उघडता येते. काँक्रीटखाली गेलेली सळई उघडता येत नाही. नंतर हातोडा चाचणी किंवा ध्वनिलहरींची चाचणी करता येते, पण त्यांवरून फक्त अंदाज बांधता येतो. म्हणूनच बँकांत जसे समवर्ती लेखापरीक्षण चालते, तशी ही तपासणी काम चालू असतानाच व्हावयास हवी. तपासनीसाचे मानधन ठेकेदाराच्या बिलातून न जाता थेट विश्वस्त मंडळाकडून जाते. त्याच्या लेखी संमतीवाचून काँक्रीट ओतावयाचे नाही, ही अट करारातच घातली आहे.

रुग्णालयाच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे नेली. तेथील बहुतेक घरे दगडमातीची होती. २६ जानेवारी २००१ रोजी भूजमध्ये मात्र रुग्णालयच कोसळले आणि जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले. भूकंपरोधक आराखड्याच्या २०१६ च्या भारतीय मानकात साध्या लहान घरासाठी महत्त्व गुणांक १ धरला आहे, तर रुग्णालयासाठी १.५; म्हणजे दीडपट बलाचा हिशेब. हा दीडपट हिशेब आराखड्याच्या कागदावर राहतो की सळईत उतरतो, हे कोणीतरी उभे राहून पाहावे लागते. ठाणे जिल्ह्यात शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अनधिकृत बहुमजली इमारत कोसळून ७४ जण दगावले. वरचे मजले चढत असतानाच खाली कुटुंबे राहावयास आली होती.

आमच्या कामात तपासणीचा प्रारंभ पायापासूनच झाला. कालव्याखालची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यामुळे प्रत्येक खड्डा काळ्या मातीतून खाली कठीण थरापर्यंत पोहोचला आहे, हे पाहिल्यावरच फुटिंगला परवानगी मिळाली. बोअरचे पाणीही प्रयोगशाळेत पाठविले. सळईच्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही, कारण खारट पाण्याने सळई आतून गंजते. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ते २८ दिवसांनी दाबून फोडले जातात. हे ठोकळे मिक्सरशेजारी स्वतः भरून घ्यावयाचे आणि त्यांवर खूण करावयाची, असा आमच्या तपासनीसांचा आग्रह असतो. ठेकेदाराच्या माणसांना तो प्रथम अपमानास्पद वाटला. आता तेच बोलावून खूण करून घेतात.

आता ज्या विलंबाबद्दल काही आप्तांनी नाराजी कळविली, त्याविषयी. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामी असते. पायाला फोड आलेले, उलटी-जुलाबाने थकलेले वारकरी त्या दोन दिवसांत आपल्या दारी रांगेने येतात. पहिल्या मजल्यावरील नवा कक्ष वारीपूर्वी खुला व्हावा अशी सर्वांचीच इच्छा होती, आमचीही होती. पहिल्या मजल्यावरचा स्लॅब ओतण्याच्या आदल्या सायंकाळी तपासनीसांनी काम थांबविले. कॉलम आणि बीम जेथे मिळतात तेथे रिंगा विरळ होत्या आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळविण्याऐवजी काटकोनात सोडलेली होती. भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचा थर सुटला की अशी रिंग उघडते आणि कॉलमच्या सळया बाहेर फुगतात. ट्रक ठरलेले, मजूर जमलेले. ठेकेदाराने आमच्याकडे धाव घेतली. विश्वस्त मंडळाने त्याच रात्री बैठक घेऊन तपासनीसांचा निर्णय कायम ठेवला. रिंगा बदलण्यात बारा दिवस गेले.

त्यानंतर सेंटरिंग लवकर काढून कक्ष वापरात घ्यावा, असाही प्रस्ताव आला. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटच्या बाबतीत ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस ठेवावयाचे असतात. आपल्या कक्षाचे गाळे मोठे आहेत, बीमचे टेकू तर त्याहून अधिक काळ ठेवावे लागतात. प्रस्ताव फेटाळला गेला. वारकऱ्यांची सेवा यंदाही आवारातील मंडपातच झाली. पावसात मंडप दोनदा गळला, परिचारिकांचे हाल झाले; त्यांचे आभार या अहवालात अन्यत्र मानले आहेतच.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक विनंती आहे. पूर्ण झालेल्या इमारतीत ऑक्सिजनची नळी, वातानुकूलन यंत्र किंवा नळजोडणीसाठी कोणी बीम वा कॉलम फोडताना दिसल्यास कृपया ताबडतोब कार्यालयात कळवावे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची इमारत कोसळून १७ जण मृत्यू पावले. तळमजल्यावरील शुश्रूषागृहाच्या जागेत चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लागल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

तपासणीची नोंदवही, ठोकळ्यांचे निकाल आणि प्रत्येक स्लॅबपूर्वी घेतलेली छायाचित्रे लेखा विभागात ठेवली आहेत. नाकारलेल्या कामाच्या नोंदी लाल शाईत आहेत. कार्यालयीन वेळेत कोणाही देणगीदारास त्या पाहता येतील.