पेंटबॉलला मिलिटरीचा पिठ्ठू चालतो, पण वर्दी का चालत नाही?

मुखेड, कंधार, देगलूर पट्ट्यात मिलिटरीचं सामान काही नवीन नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या पाठीवर पिठ्ठू असतो, एनसीसी केलेल्या मोठ्या भावाचा रुंद पट्टा घरात खुंटीला लटकत असतो. आता मित्रांचा ग्रुप पेंटबॉल खेळायला पुणे, लोणावळा किंवा हैदराबादला जायचं ठरवतो, तेव्हा पहिली आयडिया हीच निघते: "घरात मिलिटरीची बॅग पडलीय की, तीच घेऊ!"

आयडिया चांगली आहे. जगभरात पेंटबॉल खेळणारे जुनं लष्करी सामान वापरतात, कारण ते दणकट असतं आणि स्वस्तात मिळतं. पण त्यातलं काय घ्यायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, हे कळलं नाही तर खेळाचा विचका होतोच, वर पोलीस चौकीत उत्तरं द्यायची वेळ येऊ शकते.

आधी बघू, या खेळात पाठीवर ओझं कशाचं असतं?

पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू 'मार्कर' म्हणतात. हे नाव उगाच पडलेलं नाही. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी, म्हणून अमेरिकेत ही पिस्तुलं बनली. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जणांनी हीच पिस्तुलं घेऊन एकमेकांना चुकवत झेंडे गोळा करण्याचा डाव मांडला. पेंटबॉलचा पहिला डाव तो हाच. गंमत म्हणजे, त्यात जो जिंकला त्यानं एकही गोळी झाडली नव्हती. तो गुपचूप फिरला, झेंडे उचलले आणि बाहेर आला.

ओझ्याचा हिशोब करताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

साधी पेंटबॉलची गोळी ०.६८ इंच व्यासाची असते आणि वजन साधारण ३ ग्रॅम. बाहेर जिलेटिनचं कवच, आत पाण्यात धुतला जाणारा रंग. मार्करवरच्या डब्यात, म्हणजे हॉपरमध्ये, साधारण २०० गोळ्या मावतात. जास्तीच्या गोळ्या प्लास्टिकच्या लांबट नळकांड्यांत भरतात, त्यांना 'पॉड' म्हणतात. मोठ्या पॉडमध्ये १४० गोळ्या बसतात, म्हणजे नुसत्या गोळ्यांचं वजन ४२० ग्रॅम. असे चार पॉड घेतले की पावणेदोन किलोच्या आसपास ओझं झालं. त्यात पाण्याची बाटली, नळी पुसायची काठी आणि फडकं. हवेची टाकी बहुतेक वेळा मार्करलाच जोडलेली असते, तिचं वजन वेगळं.

हे सगळं अंगावर बांधून पळायचं, वाकायचं, आडोशामागे झटकन बसायचं आणि वेळ पडली तर पोटावर सरपटायचं. म्हणून पिठ्ठू किती मोठा आहे याला फार महत्त्व नाही. पळताना ओझं हलतंय का आणि पॉड न बघता हाताला लागतोय का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

हे कोडं सैन्यानं शंभर वर्षांपूर्वीच सोडवायला घेतलं होतं

पूर्वी सैनिकांचे पट्टे चामड्याचे असत. चामडं भिजलं की ताणलं जातं, वाळलं की कडक होतं. ब्रिटिश सैन्यानं १९०८ मध्ये जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा संच आणला. कमरेचा पट्टा, खांद्याचे पट्टे, काडतुसांचे खिसे, पाण्याची बाटली आणि पिठ्ठू, सगळं एकमेकांना जोडलेलं. एखाद्या बंडीसारखा तो संच एकदम अंगात चढायचा आणि एकदम उतरायचा. ओझं एका खांद्यावर न येता दोन्ही खांदे आणि कंबर यांच्यात वाटलं जायचं.

पुढे १९३७ चा सुधारित संच आला. छातीच्या खाली दोन मोठे चौकोनी खिसे, त्यात ब्रेन गनची मॅगझिन बसायची. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढले, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या काळातल्या भारतीय फौजेचं सामान याच धाटणीचं होतं.

अमेरिकेनं १९७० च्या दशकात सुताऐवजी नायलॉन आणलं, कारण ते हलकं आणि लवकर वाळणारं. १९९७ च्या सुमारास 'मॉली' नावाची पद्धत आली. बॅगेवर किंवा जॅकेटवर एक इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्यांच्या रांगा शिवलेल्या दिसतात ना? तीच ही. प्रत्येक पट्टी दर दीड इंचावर टाचलेली असते. पाऊचच्या मागची पट्टी त्यातून ओवायची की पाऊच हवा तिथे घट्ट बसतो, नको असेल तेव्हा काढता येतो. आज 'टॅक्टिकल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बॅगा याच पद्धतीची नक्कल आहेत.

मग घ्यायचं काय?

रुंद कमरपट्टा. सगळ्यात कामाची वस्तू. दोन इंच किंवा त्याहून रुंद पट्टा ओझं कंबरेवर धरतो. अरुंद पट्टा पळताना कातडीत रुततो.

उभे, खोल पाऊच. पॉड बाटलीसारखा उभा असतो. त्यामुळे रायफलच्या चपट्या मॅगझिनचा पाऊच बहुतेक वेळा अरुंद पडतो, बाटलीचा किंवा मशीनगनच्या गोळ्यांचा पाऊच बरा पडतो. विकत घेण्याआधी पॉड आत घालून बघाच. पॉड नसेल तर त्याच मापाची पाण्याची बाटली घेऊन जा.

खांद्याचे पट्टे. तीन-चार पॉड असतील तर नुसता कमरपट्टा पळताना खाली घसरतो. मागे इंग्रजी वायसारखे जोडलेले पट्टे तो वर धरून ठेवतात.

छोटा पिठ्ठू. हा मैदानात न्यायचा नाही. कपडे, पाणी, डबा, जास्तीच्या गोळ्या यात भरून बाहेर ठेवायचा.

आता जोडणी. सैनिकाचे खिसे पुढे असतात, कारण पडल्यापडल्या मॅगझिन हाताला लागलं पाहिजे. पेंटबॉलवाले पॉड मागे, कंबरेवर बांधतात. कारण आडोशाला छातीनं चिकटायचं असतं, पुढे झेप घ्यायची असते. पॉड पुढे असतील तर प्रत्येक झेपेला पोटात बसतात. पॉडचं झाकण खाली ठेवा, म्हणजे ओढून काढल्यावर ते सरळ हॉपरवर येतं.

लष्करी पाऊचची एक अडचण मात्र सगळ्यांना येते. त्याचं झाकण पितळी बटणानं किंवा बकलनं बंद होतं. काडतूस पडू नये म्हणून ते चांगलं, पण घाईत हातमोज्यानं उघडत नाही. उपाय सोपा आहे. झाकण मागे दुमडून टाका आणि पाऊचच्या तोंडाला रुंद इलॅस्टिक शिवून घ्या. गावातला कुठलाही बॅग शिवणारा हे करून देईल.

सगळं बांधून झालं की घरीच परीक्षा घ्या. दहा उड्या मारा, वीस पावलं पळा, एकदा आडवे पडा. पॉड उडाला, पट्टा फिरला किंवा बकल बरगडीत टोचलं, तर मैदानात ते दुप्पट होणार.

कॅनव्हास की नायलॉन?

जुना सुती कॅनव्हास दिसायला झकास आणि फाटता फाटत नाही. पण तो पाणी आणि घाम पितो, आणि तो ओलावा पेंटबॉलला चालत नाही. जिलेटिनचं कवच दमट हवेत फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेली गोळी नळीतच फुटते आणि पुढचा सगळा डाव पुसण्यात जातो. म्हणून पावसाळ्यात नायलॉन बरं, आणि गोळ्या कधीही खिशात सुट्ट्या न टाकता बंद पॉडमध्येच ठेवाव्यात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत गोळ्या ठेवू नका, त्या मऊ होऊन एकमेकींना चिकटतात. खेळ झाला की पट्टा, पाऊच त्याच दिवशी साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा.

दोन गोष्टी जुन्या बाजारातून कधीच घेऊ नका

पहिली, डोळ्यांवरचं संरक्षण. मैदानी पेंटबॉलमध्ये गोळीचा वेग साधारण सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे. एवढ्या वेगानं आलेली गोळी डोळ्यावर बसली तर नजर जाऊ शकते. जुना लष्करी गॉगल धूळ अडवण्यासाठी असतो, गॅसचा मुखवटा हवा गाळण्यासाठी असतो. पेंटबॉलचा मार झेलायला ते बनलेले नाहीत. मुखवटा पेंटबॉलसाठीच बनवलेला, डोळे, तोंड आणि कान झाकणारा हवा, आणि मैदानात असेपर्यंत तो उतरवायचा नाही.

दुसरी गोष्ट, वर्दी. इथे मामला थोडा नाजूक आहे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १६८ नुसार, सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं लष्कर, नौदल किंवा हवाई दलासारखा पोशाख घातला किंवा तशी खूण बाळगली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होतं. कायद्यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. हिरवा पिठ्ठू पाठीवर घेतला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. पण वरपासून खालपर्यंत लष्करी पोशाख, खांद्यावर रँक, छातीवर बिल्ला आणि हातात रायफलसारखा दिसणारा मार्कर असेल, तर हेतू काय होता हे समजावत बसायची वेळ तुमच्यावर येते.

आणि ही भीती हवेतली नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी लष्करी पोशाखात आले होते. त्यानंतर लष्करानंच सामान्य लोकांना लष्करी धाटणीचे कपडे घालू नका आणि दुकानदारांना ते विकू नका असं आवाहन केलं. १५ जानेवारी २०२२ ला लष्करानं नवी लढाऊ वर्दी समोर आणली. ती दिल्लीच्या निफ्टच्या मदतीनं तयार झाली आणि तिच्या डिझाइनची लष्करानं नोंदणीही करून घेतली. त्यामुळे तिची हुबेहूब नक्कल बनवणं आणि विकणं हा वेगळाच कायदेशीर घोळ आहे.

आपल्या भागात तर जास्तच जपायला हवं. मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरलाही आहे आणि चाकूरला बीएसएफचं आहे. म्हणजे नांदेड-लातूरच्या रस्त्यावर चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला माणूस दिसला, तर तो खरा जवान असण्याची शक्यता चांगलीच असते. सीआरपीएफ, बीएसएफ ही लष्करात मोडत नाहीत, पण म्हणून त्यांची वर्दी मोकळी नाही. फसवणुकीच्या हेतूनं सरकारी सेवकाचा पोशाख घालणं कलम २०५ खाली येतं.

आणखी एक गोष्ट कायद्याच्याही आधीची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून पाणी भरलं, हसनाळसारखी गावं वेढली गेली, तेव्हा बचावासाठी लष्कराच्या तुकडीलाही बोलावलं गेलं. पाण्यात अडकलेला माणूस त्या कपड्यांकडे बघून हात पुढे करतो. ओळखपत्र तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो. वर्दीवरचा तो विश्वास शाबूत राहायचा असेल, तर ती खेळातला ड्रेस होता कामा नये.

मग सोपा नियम काय?

सामान वाहणारी वस्तू घ्या, ओळख सांगणारी घेऊ नका. पट्टा, पाऊच, पिठ्ठू चालेल. रँक, बिल्ले, पदकं, युनिटची नावं, वर्दीचा शर्ट-पँट नको. पिठ्ठूवर शिवलेलं काही चिन्ह असेल तर उसवून टाका. रंग काळा, तपकिरी किंवा निळा मिळाला तर उत्तम. अंगात जुनी ट्रॅक पँट आणि लांब बाह्यांचा टीशर्ट पुरतो.

बाजारात 'ओरिजिनल आर्मी' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा नक्कलच असते. सरकारी खात्यांचं निकाली माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून घाऊक विकला जातो, एकेक पिठ्ठू तिथे मिळत नाही. म्हणून शिक्क्याला भुलू नका. शिवण ओढून बघा, बकल चार वेळा उघडून लावा, खांद्याचा पट्टा जिथे जोडलाय तिथे दुहेरी टाके आहेत का ते बघा.

मार्कर स्वतःचा असेल तर एसटीत, रेल्वेत तो बंद बॅगेतच ठेवा. हवेची भरलेली टाकी मात्र प्रवासात सोबत नेऊ नका, मैदानावर भरून मिळते.

आणि पहिल्यांदाच जात असाल तर काहीच विकत घेऊ नका. मार्कर, मुखवटा, गोळ्या मैदानावर मिळतात. एक डाव खेळा, आपल्याला गोळ्या किती लागतात ते बघा, मग पाऊचचा हिशोब करा. हेनिकरच्या जंगलात जिंकलेल्या माणसाला तर एकही गोळी लागली नव्हती.