चंपी आणि मान

डोक्याला मालीश होत असता बोटांखाली काय असते, हे आपण क्वचितच विचारतो. केशकर्तन शिकणाऱ्याने मात्र ते प्रथम जाणले पाहिजे. कपाळावर हात ठेवून भुवया उंचावल्या, तर हलतो तो ललाटाचा स्नायू. त्याचा जोडीदार डोक्याच्या मागील बाजूस असतो. दोहोंना जोडणारा चिवट पडदा टाळूवरून जातो. टाळूवर स्वतंत्र स्नायू नाहीच. हा पडदा हाडाशी सैल असल्यामुळे त्वचा त्याच्यासह पुढेमागे सरकते. म्हणून बोटे केसांवर घासू नयेत. ती टेकवून त्वचाच हलवावी.

मानेची गोष्ट निराळी. तिच्या ७ मणक्यांपैकी वरच्या ६ मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या २ रोहिण्या वर जातात. चंपी संपताना 'कडकन' मान मोडली, तर त्या झटक्याने रोहिणीचे आतले अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघात ओढवू शकतो. असे क्वचितच घडते, हे खरे. पण चंपीचे सुख मान न मोडताही पुरते मिळते. तेव्हा शिकणाऱ्याने हात आवरावा, आणि खुर्चीत बसणाऱ्या आपणही 'मान राहू द्या' एवढे म्हणावे.